चष्मा विसरून येणारे सर

सर वर्गात आले की आधी शर्टाचा खिसा चाचपायचे, मग खांद्यावरची पिशवी ढवळायचे आणि मग सगळ्यांकडं बघून म्हणायचे, "घ्या! चष्मा पुन्हा घरीच ऱ्हायला. आज पेपर कोण वाचून दाखवतंय?"

दर शनिवारी हेच. शिपाईमामा चहाचा कप टेबलावर ठेवून जायचे. सर खुर्ची भिंतीला टेकवून डोळे मिटायचे आणि आमच्यापैकी तिघे-चौघे पाळीपाळीनं उभे राहून त्या दिवशीचा पेपर मोठ्यानं वाचायचे. चहा संपला की वाचनही संपायचं. माणूस विद्वान आहे पण विसरभोळा आहे, अशी पहिले दोन महिने आमची सगळ्यांची खात्री होती.

आम्ही म्हणजे चोवीस जण, सगळे नोकरी करणारे प्राथमिक शिक्षक. परभणीच्या एका कॉलेजात, मुलांना वाचायला शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम निघाला होता. शनिवारी दुपारी आणि रविवारी दिवसभर वर्ग. मूल वाचायला कसं शिकतं, कुठं अडतं आणि अडलं तर आपण काय करायचं, एवढाच विषय. मी राहायला सेलूला, शाळा पेडगावला. आठवडाभर शाळा आणि आठवड्याच्या शेवटी पुन्हा रेल्वेनं परभणी, हे ऐकून शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या, "अगं, पोरांना अ आ इ ई शिकवायला एवढं मोठं कॉलेज करायचं म्हणजे कमालच झाली!" मी हसले होते. खरं म्हणजे मी त्या कॉलेजात का चालले होते, ते त्यांना सांगण्यासारखं नव्हतंच.

सर तेव्हा साठीला टेकलेले. उंच, किडकिडीत, कायम पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि पायात पावसाळा असो की उन्हाळा, रबरी बूट. एकेकाळी ते स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवत होते. तिथून शिकत शिकत कॉलेजात आले. पण बोलणं तसंच राहिलं. बाहेरून व्याख्यानाला आलेले पाहुणे शुद्ध भाषेत तासभर बोलायचे आणि सर आभार मानायला उठून म्हणायचे, "सायबांनी लय मोलाचं सांगितलं. आता जरा पोरांकडं बघू."

आम्हा सगळ्यांना ते 'मास्तर' म्हणायचे. बायकांनासुद्धा. पहिल्या दिवशी मला म्हणाले, "या मास्तर, बसा," तेव्हा मी मागं वळून पाहिलं, की माझ्या मागं कोण उभं आहे.

त्यांच्या पिशवीत पुस्तक क्वचितच असायचं. बिस्किटांचे रिकामे पुडे, सरकीच्या बियाण्याच्या पिशव्या, फवारणीच्या औषधाची लेबलं, लग्नपत्रिका, एसटीची तिकिटं, कुणाच्या तरी औषधाच्या बाटलीवरचा कागद असलं काय काय भरलेलं. ते टेबलावर ओतायचे आणि म्हणायचे, "घरात पुस्तक नसलेलं पोरगं सापडंल. काहीच छापील नसलेलं घर दाखवा मला." एकदा त्यांनी आमच्यातल्या प्रत्येकाला एक एक कीटकनाशकाचं लेबल दिलं आणि त्यातला बारीक अक्षरांतला मजकूर वाचायला लावला. अर्ध्या वर्गाला तो कळला नाही. "आन् ह्ये आपण शेतकऱ्याच्या हातात देतोय," एवढंच बोलून त्यांनी लेबलं गोळा केली.

ते यायचे देवगाव फाट्याकडून, एसटीनं. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून रस्त्यावरच्या पाट्या पुटपुटत यायचे, असं त्यांच्याबरोबर प्रवास केलेले सांगत. फाट्यावर एका टायरवाल्याच्या दुकानावर 'येथे पंचर काडुन मिळेल' असं रंगवलेलं होतं. आमच्यातल्या एका गुरुजींनी ते हसत हसत वर्गात सांगितलं. हे गुरुजी जिंतूरकडचे. आवाज भारदस्त, पेपर वाचायला लागले की रेडिओ लागल्यासारखं वाटायचं. सर हसले नाहीत. म्हणाले, "मास्तर, ती पाटी वाचून आजवर किती गाड्या तिथं थांबल्या असतील? एकतरी माणूस पुढं गेला का, की बाबा, शुद्धलेखन चुकलंय, मी पंक्चर टायर घेऊनच जातो?" मग ते बाकीच्यांकडं वळले. "त्यानं लिहिलंय, लोकांना कळायलंय, टायर दुरुस्त व्हायलंय. आपल्या वर्गातली पोरं शुद्ध वाचायलीत आन् त्यांना काहीच कळंना. आता हसायचं कुणाला, ते तुमीच ठरवा."

'ढ' हा शब्द त्यांच्या वर्गात चालत नसे. 'कच्चा' पण नाही. कुणी चुकून म्हणालं, "सर, माझ्या वर्गात चार पोरं अगदी ढ आहेत," की सर दाराकडं बोट दाखवायचे. त्या माणसानं बाहेर जायचं, सूचनाफलकावरचा सगळा मजकूर मोठ्यानं वाचायचा आणि परत यायचं. फलकावर परीक्षा विभागाची पत्रकं असायची. एकेक वाक्य हातभर लांब. परत आलेल्याला सर विचारायचे, "काय लिहिलंय?" सांगता यायचं नाही. "मग बसा. तुमी बी त्यातलेच."

आणि एक नियम, जो त्यांनी आम्हाला इतक्यांदा ऐकवला की मला अजून झोपेतसुद्धा ऐकू येतो. मूल वाचताना अडलं तर शब्द सांगायचा नाही. ते स्वतः सरावशाळेत मुलांजवळ जमिनीवर बसायचे. मूल अडलं की मांडीवर ठेवलेल्या हाताची बोटं एकेक मिटत जायची. दहाही बोटं मिटेपर्यंत ते हूं की चूं करायचे नाहीत. आम्ही मागं उभे असायचो. आमच्यातलं कुणीतरी न राहवून पुटपुटायचंच. मग सर मान न वळवता म्हणायचे, "सबूर. अजून ती वाचायलीय."

पहिल्या सहामाहीत त्यांनी एक चमत्कारिक गोष्ट केली. माझ्या बाकावर शबाना म्हणून एक मैत्रीण बसायची, परभणीतच उर्दू शाळेत शिकवणारी. सरांनी एका रविवारी तिला फळ्याशी उभं केलं आणि आम्हा तेवीस जणांना सतरंजीवर बसवलं. प्रत्येकाच्या हातात पहिलीचं उर्दू पुस्तक. "आजपासून सहा आठवडे ह्या तुमच्या बाई. लिहायला वाचायला शिका." आम्ही बोलताना रोज 'दुकान', 'पसंत', 'खुलासा' म्हणत होतो, पण तेच शब्द उजवीकडून डावीकडं लिहिलेले पाहिल्यावर आम्हाला त्यांची ओळख पटेना. एकाच अक्षराचा आकार शब्दाच्या सुरुवातीला एक, मध्ये दुसरा. ठिपके वर का खाली, तीन का दोन! चौथ्या आठवड्यात जिंतूरच्या गुरुजींची पाळी आली. ते पुस्तकाकडं बघत राहिले, घाम पुसला आणि एकदम पुस्तक मिटून म्हणाले, "सर, ह्या वयात हा अपमान कशाला?"

"कुणी अपमान केला, मास्तर?" सरांनी शांतपणे विचारलं. "शबाना मास्तर हसल्या का?"

"नाही."

"बाकीचे हसले?"

"नाही. पण सगळे माझ्याकडं बघत होते ना."

"बस," सर म्हणाले. "एवढंच शिकायचं होतं. पहिलीतल्या पोराकडं रोज सगळे बघायलेत."

त्या दिवशी सगळ्यांचे चेहरे पडले होते आणि मी मात्र आतून हलकी झाले होते. आयुष्यात पहिल्यांदा एका वर्गात सगळेच माझ्यासारखे झाले होते.

हे नीट सांगायला हवं. मला मोठ्यानं वाचता येत नव्हतं. आठ वर्षं मी तिसरीला शिकवत होते आणि मला वाचता येत नव्हतं, म्हणजे न पाहिलेला मजकूर लोकांसमोर वाचता येत नव्हता. मनातल्या मनात, सावकाश, मागं पुढं होत मी वाचायचे. पण चारचौघांत उभं राहिलं की जोडाक्षरं एकमेकांत शिरायची, ओळ हातातून निसटायची. लहानपणी वालूरला आमच्या घरी बाबा पूजेला बसले की त्यांची स्तोत्रं ऐकून ऐकून मला सगळं पाठ व्हायचं. तसंच शाळेचे धडेही मी थोरल्या बहिणीच्या तोंडून ऐकून पाठ करायचे. पुस्तक हातात धरायचं आणि म्हणायचं. बाई शाबासकी द्यायच्या. पुढं डीएड झालं, बाहेरून बीए झालं, नोकरी लागली, आणि मी तिसरीचं सगळं पुस्तक पाठ करून टाकलं. पुस्तक बदललं त्या वर्षी मी महिनाभर धड जेवले नव्हते. पालकांना कळलं तर? मुख्याध्यापकांना कळलं तर? नवऱ्यालासुद्धा माहीत नव्हतं. ह्या अभ्यासक्रमात कुठंतरी, कुणाला न कळता, माझ्यावरचा इलाज सापडेल, म्हणून मी आले होते.

आणि इथं दर शनिवारी पेपर!

मी काय काय नाही केलं. घसा बसला म्हणून सांगितलं. चहा यायच्या वेळी बाहेर गेले. एकदा तर गाडी उशिरा आली असं सांगून स्टेशनवरच अर्धा तास बसून राहिले. दोन महिने निभावलं. मग एका शनिवारी सर नेहमीसारखे खिसा चाचपत म्हणाले, "आज पेपर ह्या मास्तर वाचतील," आणि बोट माझ्याकडं होतं.

मी उठले. पेपर हातात घेतला. पहिल्या ओळीवर नजर टाकली आणि ती ओळ मुंग्यांसारखी हलायला लागली. सर डोळे मिटून बसलेले. चोवीसातले तेवीस जण माझ्याकडं बघत होते. काय झालं माझं मला कळलं नाही, मी चौथं पान उघडलं आणि धडाधड बोलायला लागले.

"वालूर शिवारात बिबट्याचा वावर. शेतकऱ्यांमध्ये घबराट. काल दुपारी गयाबाई नावाच्या महिला उसाला पाणी द्यायला गेल्या असता हौदावर बिबट्या पाणी पिताना दिसला..."

असली काही बातमी त्या पानावर नव्हती. कुठल्याच पानावर नव्हती. पण गयाबाई माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली. मी तिला हातात बादली दिली. तिनं काठीनं बादली बडवली, बिबट्या दचकून हौदात पडला, मग वनखात्याचे लोक आले, गावातल्यांना आश्चर्य वाटलं. सरांचा चहा संपेना. ते मध्येच म्हणाले, "मग?" मी मग बिबट्याला हौदातून बाहेर काढलं, पिंजऱ्यात घातलं आणि जिंतूरच्या पलीकडं डोंगरात सोडून दिलं.

कप टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"लय झकास बातमी," सर डोळे न उघडता म्हणाले. "कितव्या पानावर हाय?"

"चौथ्या."

"असं?" त्यांनी हात पुढं केला. मी पेपर दिला. त्यांनी न बघता घडी घालून तो पिशवीत टाकला आणि तास सुरू केला. मी खाली बसले तेव्हा शबानानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तिनं चौथं पान पाहिलं होतं. त्या पानभर जाहिराती होत्या. तिनं ना तेव्हा काही विचारलं, ना नंतर.

तो आठवडा कसा काढला ते माझं मला माहीत. अभ्यासक्रम सोडायचा, असं ठरवूनच पुढच्या शनिवारी परभणीत उतरले. कॉलेजच्या व्हरांड्यात सर माझी वाटच बघत होते.

"मास्तर, इकडं या. बसा." पायरीवर बसलो. त्यांनी दोन कागद माझ्या हातात दिले. गोल, मोठं, सुट्टं अक्षर. "तुमी वाचलेली ती बातमी. मला आठवंल तशी उतरवली. वाचा बरं."

सुटकाच नव्हती. मी पहिल्या ओळीकडं पाहिलं. 'वालूर शिवारात बिबट्याचा वावर.' माझेच शब्द. गयाबाई, बादली, हौद, सगळं मी बोलले होते तसंच, त्याच क्रमानं. मी वाचत गेले. 'घबराट' वाचलं. 'वनखात्याचे' वाचलं. 'आश्चर्य' समोर आलं तर ते तिथं येणार हे मला आधीच माहीत होतं, ते माझंच होतं, आणि मी ते वाचलं. कुठं अडले नाही. शेवटच्या ओळीपाशी आले. तिथं लिहिलं होतं: 'बिबट्या डोंगरात परत गेला आणि त्यानं बायकोला सांगितलं, वालूरच्या बायकांच्या नादी लागू नको.'

मी खळखळून हसले. मग हसता हसता थांबले. "सर, ही ओळ मी बोलले नव्हते."

"न्हाईच बोलल्या."

"मग..."

"पण वाचली की."

मला रडू आवरेना. सर उठून गेले नाहीत आणि समजूतही घातली नाही. मी सगळं सांगितलं. बहिणीपासून बदललेल्या पुस्तकापर्यंत. सांगून झाल्यावर माझ्या लक्षात आलं. "सर, त्या दिवशी तुमच्याजवळ चष्मा नव्हता, पेपरही तुम्ही उघडला नाहीत. मग कळलं कसं?"

त्यांनी शर्टाच्या खिशातून चष्मा काढला आणि डोळ्यांवर चढवला. "चष्मा रोज असतोच की. कोण कसं वाचतंय, ते ऐकायलो दोन महिन्यांपासून. माझे डोळे उघडे असले की माणूस माझ्या तोंडाकडं बघत वाचतो. तेवीस जणांचं झालं होतं. तुमी एकट्या ऱ्हायल्या होत्या. आन् तुमी लय पळाल्या."

"आता मला काढणार का सर?"

"काढून कुठं पाठवू?" मग त्यांनी मला ती गोष्ट सांगितली, जी त्यांनी वर्गात कधीच सांगितली नाही. ते पहिलीला शिकवत होते तेव्हा त्यांचा वर्ग तालुक्यात नावाजलेला होता. साहेब तपासणीला आले की पोरं खडाखडा वाचायची. सरांची पद्धत साधी होती. पोरगं अडलं की लगेच शब्द सांगायचा. एके दिवशी साहेबांसमोर एक मुलगी उभी राहिली आणि तिनं पानभर धडा न चुकता वाचला. साहेब खूश झाले. सर तिच्या जवळ उभे होते. तिच्या हातातलं पुस्तक उलटं होतं.

"साहेबाला दिसलं न्हाई," सर म्हणाले. "मला दिसलं. दुसऱ्या दिवशी मी सगळ्या वर्गाची पुस्तकं उलटी धरायला लावली. सगळ्यांनी वाचलं, मास्तर. एकजात सगळ्यांनी. इतकी वर्षं मी पोरांना बोलायलाच शिकवत होतो. वाचायला शिकवलंच न्हाई." ते उठले, कपडे झटकले. "त्या पोरीला मी काही देऊ शकलो न्हाई. तवा तुमी दर शनिवारी अर्धा तास लवकर येत जा."

मग दर शनिवारी, वर्गाच्या आधी अर्धा तास, त्या पायरीवर आमचं चालायचं. मी काहीतरी सांगायचे, पेडगावच्या शाळेतलं, सासूबाईंचं, रेल्वेत भांडलेल्या दोघींचं. सर लिहायचे. पुढच्या वेळी मी ते वाचायचे. त्यात आधी एक ओळ त्यांची असायची, मग दोन, मग पाच. त्यांच्या ओळी वात्रट असायच्या. माझ्या सासूबाईंना त्यांनी एकदा विमानात बसवलं. वर्ष संपेपर्यंत माझ्या ओळी तीन उरल्या होत्या आणि बाकी पान सगळं त्यांचं होतं. मी अडायचे. ते बोटं मिटत बसायचे. कधीकधी दहाही बोटं मिटायची आणि पुन्हा उघडायला लागायची. पण शब्द त्यांनी मला कधी दिला नाही, एकदाही नाही. मला राग यायचा. मग तो शब्द माझा मलाच यायचा.

दुसऱ्या वर्षी मी पेडगावला तिसरीचा पाठ केलेला धडा बाजूला ठेवला आणि मुलांसमोर पहिल्यांदा नवी गोष्ट वाचली. सावकाश. आकाश कोसळलं नाही.

परीक्षेत एक प्रात्यक्षिक होतं. बंद पाकिटातून मजकूर निघायचा, तो अनोळखी वर्गासमोर मोठ्यानं वाचायचा आणि त्यावर मुलांशी बोलायचं. बाहेरगावाहून परीक्षक म्हणून एक मॅडम आल्या होत्या. करडा चेहरा, हातात पेन, समोर तक्ता. शाळा परभणीतलीच, तिसरीचा वर्ग. सरांना आत यायला परवानगी नव्हती. ते फाटकाजवळ उभे होते.

मी पाकीट फोडलं. एका गावातली माणसं जुनी बारव साफ करतात, अशी गोष्ट. दोन ओळी नीट गेल्या. तिसऱ्या ओळीत 'गावकरी' आलं आणि त्याच्यापुढं एक लांबलचक शब्द, ज्यात अक्षरं एकमेकांच्या खांद्यावर बसली होती. मी तो पाहिला आणि तो हलायला लागला. परीक्षक मॅडमचं पेन वर उचललेलं. दोन वर्षांपूर्वीची मी असते तर तिथं दुसराच शब्द घालून पुढं गेले असते, कुणाला कळलंही नसतं.

मी मुलांना म्हणाले, "मला हा शब्द येईना. थांबा हं." आणि तो फळ्यावर लिहिला. मोठा. उत्स्फूर्तपणे. मी एक एक तुकडा बोटानं झाकून बघायला लागले. मुलंही ओठ हलवायला लागली. दुसऱ्या रांगेतली, एका वेणीची रिबीन सुटलेली एक मुलगी उभी राहिली.

"उत्... स्फू... स्फूर्त. उत्स्फूर्तपणे!"

"म्हणजे काय गं?" मी विचारलं. मला खरंच धड आठवत नव्हतं.

तिनं फळ्याकडं पाहिलं. "बाई, पुढचं वाचा की. मग कळंल."

मी पुढची ओळ वाचली. 'कुणी सांगितलं नव्हतं, तरी सगळे फावडी घेऊन आले.'

"मंजे आपल्या मनानं," ती म्हणाली आणि खाली बसली.

बाकीची गोष्ट मी वाचून संपवली. मुलं बारवेबद्दल इतकी बोलली, की घंटा झाली तरी थांबेनात. मुलं बाहेर गेल्यावर मॅडमनी मला समोर बसवलं.

"तिसऱ्या ओळीत तुम्ही जे केलंत ना," त्या म्हणाल्या, "ते मी फार कमी शिक्षकांना करताना पाहिलंय. अडल्याचं नाटक, आणि तेही इतकं खरं! मुलांना शब्द सोडवायला लावण्याची उत्तम पद्धत." आणि त्या तक्त्यावर ते लिहायला लागल्या.

मान हलवली असती तर काम झालं असतं. मी मान हलवायलाच निघाले होते. पण चौथ्या पानाची ती खोटी बातमी मी एकदा वाचून दाखवली होती, आणि दुसऱ्यांदा मला ते जमेना.

"मॅडम, ते नाटक नव्हतं," मी म्हणाले. "मला तो शब्द खरंच वाचता आला नाही. मला लहानपणापासून असं होतं. आता पुष्कळ जमतं, पण लांब शब्दाला वेळ लागतो."

पेन थांबलं. "तुमच्या सरांना हे माहीत आहे?"

"हो."

"आणि तरी त्यांनी तुम्हाला इथपर्यंत येऊ दिलं?"

मला वाटलं, संपलं. माझं तर संपलंच, पण मी सरांनाही गोत्यात आणलं.

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "त्या मुलीनं शब्द वाचला तेव्हा तुम्हाला काय वाटलं? लाज?"

मी आठवून पाहिलं. "नाही. सुटल्यासारखं वाटलं."

मग त्यांनी तक्त्यावर लिहिलेलं आडवी रेघ मारून खोडलं, खाली नवं काहीतरी लिहिलं, आणि कागद माझ्याकडं फिरवला. "मोठ्यानं वाचा."

'अडल्याचा उत्कृष्ट अभिनय' खोडलेलं होतं. खाली लिहिलं होतं: 'ह्या शिक्षिका खोटं वाचत नाहीत. उत्तीर्ण, विशेष प्रावीण्यासह.' 'प्रावीण्यासह'ला मी थोडी थांबले. मॅडमही थांबल्या. वाचून झाल्यावर त्या पहिल्यांदा हसल्या.

मी फाटकाकडं जवळजवळ धावतच गेले. सर उन्हात उभे होते, रबरी बुटांत. मी धापा टाकत सगळं सांगितलं. विशेष प्रावीण्याचं त्यांनी ऐकलंसुद्धा नाही.

"कोणता शब्द होता?"

"उत्स्फूर्तपणे."

"लय खवट शब्द हाय. मलाबी लोळवतो. मग?"

"दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीनं वाचला, सर."

"नाव काय तिचं?"

"नाव... नाही विचारलं."

सर रागावलेले मी दोन वर्षांत पाहिले नव्हते. ते तेव्हा पाहिले. "जिनं तुमच्याआधी वाचलं, तिचं नाव ठाऊक न्हाई? मग काय शिकल्या, मास्तर? जा. इचारून या."

मी परत धावले. व्हरांड्यात मुलं खिचडीसाठी ओळीनं बसली होती. सुटलेल्या रिबिनीवरून मी तिला शोधलं आणि तिच्यासमोर उकिडवी बसले. "तुझं नाव काय गं?"

"सृष्टी. तुमचं?"

मी सांगितलं. तिनं ते एकदा म्हणून पाहिलं आणि मान डोलावली. "बसा की बाई," ती म्हणाली आणि सरकून जागा केली.

मी उठून फाटकाकडं तोंड करून जोरात ओरडले, "सृष्टी!"

सरांनी हात वर केला आणि एसटी गाठायला निघून गेले. मी तिच्याशेजारी मांडी घालून बसले. सकाळपासून पोटात घोटभर चहाशिवाय काही गेलं नव्हतं. वाढणाऱ्या मावशींकडून मी ताटली मागून घेतली आणि दोनदा खिचडी खाल्ली.